वाचकांचे प्रश्न : बिलाशिवायचं सागवान

गेल्या अंकात मी वनविभागाच्या डेपोत लाकडाचा लिलाव कसा होतो ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली बहुतेक चोरीच्या लाकडाबद्दल आहेत. माझी नोकरी वनविभागात झाली, त्यातली बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात आलापल्ली-सिरोंचाकडे, आणि निवृत्त झालो तो वनक्षेत्रपाल म्हणून. त्यामुळे सागवानाच्या चोरीवर मी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगेन.

प्रश्न : नव्या घराला सागवानी चौकटी करायच्या आहेत. सुताराने दोन भाव सांगितले, बिलासह एक आणि बिलाशिवाय दुसरा. दुसरा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी आहे. झाड तर केव्हाच पडलेलं असणार. मी नाही घेतलं तर दुसरा कोणी घेईल. मग माझ्या घेण्याने नेमकं कोणाचं नुकसान होतं? (एक वाचक, नागपूर)

तुम्ही मनातलं जसंच्या तसं लिहिलंत, म्हणून मीही आडपडदा न ठेवता उत्तर देतो.

प्राणहिता नदीच्या काठावरच्या एका बीटमधली (बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या राखणीतला जंगलाचा भाग) नोव्हेंबरातली सकाळ मला अजून आठवते. पहाटे वनरक्षकाचा निरोप आला म्हणून गेलो. जागा सापडायला वेळ लागला, कारण थुटावर (खुंटाला आमच्याकडे थुट म्हणतात) चिखल लिंपून वर पालापाचोळा टाकला होता. पुढे शेंडा आडवा पडलेला. त्याचं एक पान तळहातावर चोळलं तर हात लालभडक झाला, म्हणजे झाड रात्रीच पडलं होतं. वनरक्षकाने ओल्या फडक्याने थुट पुसलं आणि आम्ही दोघांनी कडी मोजली. सागाची वर्षाची कडी स्पष्ट दिसतात. ५८ भरली. टेप लावला, गोलाई १२० सेंटिमीटर.

आता नुकसान मोजू. थुट कमरेएवढं उंच होतं. चोराला उभ्याने करवत चालवायची असते, वाकायला वेळ नसतो. सरकारी कूपात (तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात) तेच झाड जमिनीलगत, वीतभर उंचीवर कापतात. या दोन उंचींत साधारण दोन फूट खोडाचा फरक पडतो. १२० च्या गोलाईला ते सुमारे दोन घनफूट लाकूड झालं, आणि तेही बुडख्याचं, सगळ्यात जाड आणि सगळ्यात महाग. ते तिथेच सडतं. शिवाय जमिनीलगत कापलेल्या सागाला मुळापासून जोमदार फुटवे येतात, त्यातला एक राखला की पुढचं झाड तयार होतं. उंच थुटाला फुटवे वरच्या टोकाला येतात आणि वाऱ्याने मोडतात. म्हणजे पुढचं झाडही गेलं.

मग लठ्ठा जागेवरच चौरस करतात, कारण गोल लाकूड खांद्यावर नेणं कठीण आणि लपवणं त्याहून कठीण. गोलातून चौरस काढला तर अगदी कुशल हातानेही शंभरातले चौसष्ट भाग उरतात. रात्री, बॅटरीच्या उजेडात, घाईने काढला तर किती उरत असतील ते तुम्हीच समजा. आरामशीनवर कडेच्या त्या फळ्यांचाही पैसा होतो. जंगलात त्यांचा नुसता ढीग पडतो.

ओलं सागवान पाण्यात बुडतं, म्हणून चौरस नगांना वाळलेले बांबू बांधून तराफा करतात आणि नदी ओलांडतात. पलीकडे तेलंगण. तोडणाऱ्याला एका रात्रीची मजुरी मिळते. तराफेवाला, गाडीवाला, दलाल, आरामशीनवाला, सगळ्यांचं सुटतं, आणि तरीही तुमच्या सुताराकडे तो माल तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त मिळतो. कसा? झाड ५८ वर्षं वाढवण्याचा, वणव्यापासून राखण्याचा, विरळणी करण्याचा पैसा त्यातल्या एकानेही दिलेला नसतो. करही भरलेला नसतो.

कोणाचं नुकसान म्हणता, तर सगळ्यात आधी बांधावर साग लावून वीस-पंचवीस वर्षं थांबलेल्या शेतकऱ्याचं. त्याच्याकडे व्यापारी येतो तेव्हा बाजारातला चोरीचा भाव डोक्यात धरूनच येतो. अमेरिकेतल्या लाकूड उद्योगाच्या संघटनेने २००४ मध्ये एक अभ्यास करवून घेतला होता. त्यात बेकायदा लाकडामुळे जगातल्या बाजारात किमती ७ ते १६ टक्क्यांनी खाली राहतात असं दिसलं. म्हणजे ज्याने चोरी केली नाही त्याच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सात ते सोळा रुपये गेले. दुसरं नुकसान कूपातल्या मजुरांचं. १९४७ पासून आपल्याकडे जंगल कामगार सहकारी संस्था आहेत. आखणी, तोड, ओढकाम, थप्पी लावणं, भरणी, एका कूपावर महिनोन्महिने गावाला काम मिळतं. चोरीचं झाड एका रात्रीत चार माणसांची मजुरी देतं आणि ते सगळं काम संपवतं.

आणि "झाड तर आधीच पडलंय" हे खरं नाही. एकदा जप्तीचा माल मोजताना पंचनाम्यात मी स्वतः नोंद केली : सगळे नग पाच बाय तीन इंची, लांबी सात फूट. ते दाराच्या चौकटीचं माप आहे. जंगलात कोणी उगाच सात फुटांचे तुकडे पाडत नाही. कुठल्या तरी शहरात कोणीतरी चौकटी सांगितल्या होत्या, म्हणून ती झाडं पडली. तुम्ही अजून सांगितलेल्या नाहीत. बिलाचं लाकूड घ्या. बाभळीच्या चौकटी परवडत असतील तर त्याही वर्षानुवर्षं टिकतात.

प्रश्न : धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आजोबांनी लावलेले सागाचे चाळीसेक झाडं आहेत. परवानगीच्या चकरा नकोत म्हणून एक माणूस उभी झाडं विकत मागतो आहे. कागदपत्रं तोच करणार म्हणतो. द्यावीत का? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

देऊ नका. निदान कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नका.

मालकीच्या झाडांना महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४ लागतो आणि साग त्याच्या अनुसूचीत आहे. सातबारा जोडून अर्ज करायचा, वनाधिकारी झाडांची पाहणी आणि मोजणी करतात, शेत जंगलाला लागून असेल तर हद्द कायम करून घ्यावी लागते, मग परवानगी. तोडीनंतर लठ्ठ्यांवर वनविभागाच्या हातोड्याची खूण पडते आणि वाहतूक परवाना मिळतो. तुम्ही आदिवासी खातेदार असाल तर १९६९ चा वेगळा कायदा आहे. ठेकेदार आदिवासींची झाडं कवडीमोलाने लुबाडत होते म्हणूनच तो झाला, आणि त्यात विक्री सरकारी यंत्रणेमार्फत होते.

तो माणूस चांगला भाव देतो आहे त्यामागे बहुतेक वेळा तुमची झाडं नसतात, तुमचा परवाना असतो. तुमच्या चाळीस झाडांच्या कागदावर शेजारच्या जंगलातली आणखी तीस झाडं बाहेर निघतात. तुमचं धुऱ्यावरचं बारीक झाड उभंच राहतं आणि त्याच्या नावावर जंगलातलं जाड झाड गिरणीत पोचतं. पुढे कोणी थुटं मोजायला आला की गुन्ह्यात नाव तुमचं येतं. असा एक म्हातारा शेतकरी माझ्यासमोर बसून रडला होता. त्याला परवाना वाचतासुद्धा येत नव्हता.

चकरांचं तुमचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते मी खात्यात असतानाही म्हणत होतो. प्रामाणिक माणसाच्या अर्जाला महिनोन्महिने लागले तर आपण त्याला दलालाच्या दारात ढकलतो. कायदेशीर रस्ता सोपा करणं हा चोरी रोखण्याचाच उपाय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने देशभरासाठी वाहतूक परवान्याची ऑनलाइन पद्धत सुरू केली, परवान्यावर क्यूआर कोड असतो. एकाच कागदी परवान्यावर दोन-दोन फेऱ्या मारण्याची जी जुनी युक्ती होती, ती यात अवघड होते. अर्ज स्वतः करा, पोचपावती घ्या, तोडीच्या दिवशी शेतात हजर राहा आणि प्रत्येक थुटाचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न : पकडले जातात ते नेहमी आमच्याच गावचे. "गाववालेच जंगल तोडतात" असं ऐकून कंटाळलो. गस्त वाढवून हे थांबेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? (एक तरुण, अहेरी तालुका)

नाही वाटत. मी शेकडो रात्री गस्त घातली आहे, तरी नाही वाटत. गस्त लागतेच, पण ती चोरी एका बीटमधून दुसऱ्या बीटमध्ये सरकवते.

तुमच्या गडचिरोली जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातात आला. गाव स्वतः बांबू तोडतं, स्वतः विकतं, स्वतः राखतं. जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा आज तेंदूपानाचा लिलाव स्वतः करतात. बांबूचा प्रत्येक काडा हा गावाचा पैसा झाला, तेव्हा परक्या माणसाला जंगलात विचारणारे डोळे शंभर झाले. तेवढे वनरक्षक कुठलंही सरकार नेमू शकत नाही.

पण त्याच कायद्यात गौण वनोपज गावाचं आहे, इमारती लाकूड नाही. म्हणजे एकाच जंगलात बांबू तुमचा, तेंदू तुमचा, मोहफूल तुमचं, आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला साग तुमचा नाही. त्या सागातून गावच्या पोराला मिळू शकते ती फक्त दलालाने दिलेली एका रात्रीची मजुरी. हेच मला सगळ्यात खुपतं. वनविभाग आणि गाव मिळून जंगल राखतात त्या संयुक्त वनव्यवस्थापनात वाट्याची तरतूद आहे, पण साग कापणीला यायला पिढी जाते आणि तोवर गावाच्या हातात काही पडत नाही. माझं स्पष्ट मत असं की उभ्या सागाच्या राखणीचा मोबदला गावाला दरवर्षी मिळायला हवा, आणि डेपोत लिलाव झाला की त्यातला ठरलेला हिस्सा ग्रामसभेच्या खात्यात त्याच वर्षी जमा व्हायला हवा. आलापल्ली-बल्लारपूरकडचं सागवान नव्या संसद भवनापर्यंत आणि अयोध्येच्या मंदिरापर्यंत गेलं. ज्या गावांनी ते जंगल राखलं त्यांनाही त्याचा काही भाग पोचला पाहिजे.

दुसरं, खांद्यावर नग घेतलेला पोरगा पकडून हाती काही लागत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलातल्या तोडीला मुळात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. राज्यांनी तो पुढे वाढवला, पण दलालाने दंड कधीच धंद्याचा खर्च म्हणून धरून ठेवलेला असतो. त्याला धसका असतो तो गाडी सरकारजमा होण्याचा. आणि त्याच्याहून महत्त्वाची जागा म्हणजे आरामशीन. लठ्ठ्याच्या तोंडावर हातोड्याची खूण असते. एकदा करवतीखाली गेला की खूण संपली, चोरीचं आणि लिलावाचं चिराण (कापलेलं लाकूड) सारखंच दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून वृक्षतोड आणि आरागिरण्या दोन्हींवर लगाम घातला, तो याच कारणाने.

एका गिरणीत मी वही उघडली तर महिन्याची आवक-जावक अगदी चोख जुळत होती. मग विजेचं बिल मागवलं. वहीतल्या लाकडाला लागेल त्याच्या जवळपास दुप्पट वीज जळलेली होती. मशीन रात्री कशासाठी चालत होतं ते मग विचारावं लागलं नाही. माझ्या हातात असतं तर प्रत्येक गिरणीच्या वहीशेजारी विजेचं बिल लावण्याची सक्ती मी उद्यापासून केली असती.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी जगातली आकडेवारी आणि इतर देशांचे उपाय सांगाल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

थोडक्यात सांगतो. इंटरपोल आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१२ च्या अहवालात जगातल्या लाकूड व्यापारात १५ ते ३० टक्के लाकूड बेकायदा असून त्याची किंमत वर्षाला ३० ते १०० अब्ज डॉलर असल्याचं म्हटलं आहे. त्याच वर्षी जागतिक बँकेने हा गुन्हेगारी पैसा १० ते १५ अब्ज डॉलर धरला. मोजण्याची पद्धत आणि व्याख्या वेगळ्या, म्हणून आकड्यांत एवढं अंतर. उत्तर लिहिताना कोणता आकडा कोणाचा ते जरूर नमूद करा.

उपायांत एक गोष्ट मला पटते : विकत घेणाऱ्या देशांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. अमेरिकेने २००८ मध्ये वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या आपल्या लेसी कायद्याची व्याप्ती लाकडापर्यंत वाढवली, युरोपीय संघाचा नियम मार्च २०१३ पासून लागू झाला. लाकूड कुठून आलं हे आयात करणाऱ्याने तपासायचं. इंडोनेशियाने उलट्या बाजूने सुरुवात केली, कायदेशीर लाकडाची तपासणी पद्धत उभी केली आणि २०१६ पासून तिच्या परवान्यावर युरोपात माल जाऊ लागला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यातच थांबवली.

प्रश्न : रात्री आमच्या रस्त्याने झाकलेल्या गाड्या जातात. कळवायचं कुठे? आमचं नाव फुटेल का? (एक वाचक, गोंदिया जिल्हा)

वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. वेळ, गाडीचा प्रकार, ती कुठून कुठे गेली आणि जमला तर नंबर एवढं सांगा. "मागच्या आठवड्यात गेली होती" यापेक्षा "आत्ता अमुक फाट्यावरून गेली" याचा उपयोग जास्त, कारण पुढचा नाका तेवढ्यात बंद करता येतो. नाव गुप्त ठेवा असं फोनवर स्पष्ट सांगा. गाडीला स्वतः आडवं जाऊ नका. मित्रांना घेऊनही जाऊ नका.