‘डिप्रेशन आलंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीतलं पहिलं वाक्य हल्ली बहुतेक वेळा एका इंग्रजी शब्दावर उभं असतं. “मला अँक्झायटी आहे.” “मुलगा डिप्रेशनमध्ये गेलाय.” “घरात पाऊल टाकलं की फ्रस्ट्रेशन येतं.” आणि मग आवाज खाली आणून विचारलेला प्रश्न : “हे बरं होतं ना? की आता जन्मभर गोळ्या?” त्रास खराच असतो, पण त्यावर चिकटवलेल्या शब्दाची धास्ती पुष्कळदा त्रासाहून मोठी झालेली असते. म्हणून इथे एका मुलीची हकिकत देते. तीन-चार जणींच्या मिळून ती एक केली आहे, ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

वय २३. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंजिनिअरिंग, आता हिंजवडीत पहिली नोकरी. इंटरनेटवर कुठली तरी चाचणी भरून तिचा स्क्रीनशॉट घेऊनच आली होती.

“मॅडम, मला अँक्झायटी आणि डिप्रेशन दोन्ही आहे. शिवाय ओव्हरथिंकिंग.”

“बरं. काल अँक्झायटी किती वाजता आली?”

“अशी वेळ नाही सांगता येणार. कायमच असते.”

“कुठे जाणवते?”

“मनात.”

“मनातलं राहू दे. अंगात कुठे?”

बराच वेळ गप्प राहून तिने गळ्याखाली हात ठेवला. “इथे. आवळल्यासारखं.”

अँक्झायटी या शब्दाचं मूळ असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थच आवळणं, गळा दाबणं असा आहे. हृदयविकारातला ‘अँजायना’ही त्याच कुळातला. शब्दाची व्युत्पत्ती तिने नुसत्या हाताने दाखवली होती. बाकीचे शब्दही असेच, मुळात अंगाचे किंवा कामाचे. टेन्शन म्हणजे ओढून ताणणं. आपला ‘ताण’ शब्दशः तोच. फ्रस्ट्रेशनच्या मुळाशी ‘व्यर्थ’ आहे, म्हणजे केलेलं वाया जाणं, वाट अडणं. नुसत्या वैतागाला तो शब्द लावला की अडलंय कुठे हे विचारायचं राहून जातं. डिप्रेशन म्हणजे खाली दाबलं जाणं. म्हणूनच हवामान खातं बंगालच्या उपसागरातल्या तीव्र झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्राला डिप्रेशन म्हणतं आणि १९२९नंतरच्या जागतिक महामंदीचंही इंग्रजी नाव तेच आहे.

आजार म्हणून हा शब्द वापरायचा तर त्याला मोजमाप आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निकषांनुसार किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक हवंच. ते धरून झोप, भूक किंवा वजन, थकवा, एकाग्रता, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, स्वतःला कवडीमोल किंवा विनाकारण दोषी समजणं, मरणाचे विचार अशा एकूण ९ लक्षणांपैकी ५ हवीत आणि त्यांचा खूप त्रास व्हायला किंवा रोजचं काम अडायला हवं. सततच्या चिंतेच्या आजारासाठी मुदत ६ महिन्यांची. हे जुळत असेल, तर शब्दाचा कीस पाडत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर २ आठवडेही थांबू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

या मुलीचं जुळत नव्हतं. झोप रविवार ते गुरुवारच बिघडायची. शुक्रवारी रात्री मैत्रिणींबरोबर मिसळ शोधत फिरायला ती ताजीतवानी असे. तेव्हा तिला एक वही दिली. रोज रात्री १० मिनिटं, जास्तीत जास्त ३ नोंदी. क्रम ठरलेला : आधी वेळ आणि घडलेली गोष्ट, कॅमेऱ्याला दिसली असती तेवढीच. मग अंगात कुठे काय झालं. मग ० ते १०पैकी किती. भावनेचं नाव सगळ्यात शेवटी, आणि क्रियापदासकट.

पहिल्या आठवड्याची वही सगळ्यांची फसते, तिचीही फसली. एक तर नाव आधी लिहिलं जातं आणि मग घटना त्या नावाला शोभेल अशी आठवते. दुसरी चूक आपल्या ‘वाटतं’ची. मराठीत विचारही ‘वाटतो’ आणि भावनाही ‘वाटते’. तिने लिहिलं होतं, “मला वाटतं की मॅनेजर मला बिनकामाची समजतात.” ‘वाटतं’च्या पाठोपाठ ‘की’ आला तर तो विचार. ‘की’ काढून वाक्य उभं राहिलं, म्हणजे ‘भीती वाटते’, ‘लाज वाटते’, ‘एकटं वाटतं’, तर ती भावना. ‘इग्नोर्ड फील झालं’, ‘जज्ड वाटलं’ हे शब्द तर भावनेच्या वेशात आलेले आरोपच. त्यांतून समोरच्याने काय केलं ते कळतं, आपल्याला काय झालं ते कळत नाही.

एका नोंदीत होतं, “आय फील व्हेरी बोरिंग.”

“म्हणजे बोअर्ड म्हणायचंय का? बोअर्ड म्हणजे मला कंटाळा आलाय. बोरिंग म्हणजे लोकांना माझा कंटाळा येतो.”

ती टेबलाकडे बघत म्हणाली, “दुसरंच. बोरिंग.”

व्याकरणाची चूक समजून ती दुरुस्त करून टाकली असती, तर सगळ्यात खरी नोंद हातची गेली असती.

चौथ्या भेटीतली नोंद अशी : “रात्री ९. आईचा फोन. काळजी करू नकोस म्हणाली. गळा आवळला. ७. अँक्झायटी.”

“फोन ठेवताना काय म्हणाल्या आई?”

“नेहमीचंच. काळजी घे.” आणि ती थांबली. “आधी म्हणते काळजी करू नको, शेवटी म्हणते काळजी घे.”

“मग काळजीचं करायचं काय?”

“करायची नाही.” मग हसायलाच लागली. “घ्यायची.”

तिथे घाई केली नाही. वहीच्या कोऱ्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगितली. गुरुवारी तिचा डेमो होता. डावीकडे, ‘डेमोची काळजी केली तर’ : रात्री २पर्यंत छताकडे बघणं, जुने मेल उकरणं, सकाळी डोकं जड. उजवीकडे, ‘काळजी घेतली तर’ : बुधवारी ५ वाजता एकदा पूर्ण चालवून बघणं, नेट गेलं तर हाताशी रेकॉर्डिंग, टीममधल्या एकाला दाखवणं, ११:३०ला झोप. डावीकडे एकही गोष्ट डेमोच्या उपयोगाची नव्हती. हे तिला मी सांगितलं नाही, तिनेच पेनाने डाव्या बाजूवर काट मारली.

माझा ओढा पहिल्यापासून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याकडे. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणसाला जखडून ठेवणारी चिंता आणि कामाला लावणारी रास्त काळजी वेगळ्या मानल्या आहेत. हा फरक इंग्रजीत समजावताना दोन निराळे शब्द लागतात. मराठीने तो एकाच नामापुढच्या दोन क्रियापदांत ठेवला आहे, आणि आया रोज फोनवर तो सांगत असतात. एलिस यांचा दुसरा मुद्दा ‘मस्ट’चा, म्हणजे इच्छेची सक्ती होण्याचा. आपल्याकडे तो एका अक्षरात मावतो. “डेमो चांगला झालाच पाहिजे” यातला ‘च’ काढून वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं, तर तिचा आकडा ७वरून ५वर आला. शून्यावर येत नाही आणि येऊही नये. काळजी घ्यायला थोडी धडधड लागतेच.

दुसरी एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. मराठीत राग ‘येतो’. आला म्हणजे जाऊही शकतो. “मी डिप्रेस्ड आहे” म्हटलं की माणूस आणि भावना एकच होऊन बसतात. शिवाय आलेल्या रागाचं आपण काय केलं तेही क्रियापदच सांगतं : धरला, गिळला, आवरला, दुसऱ्यावर काढला. ‘अँगर इश्यूज’ या शब्दात यातलं काहीच दिसत नाही.

सगळ्यांवर मराठी लादावी असं मात्र नाही. ज्यांचं बालपण इंग्रजीतून गेलं त्यांच्यासाठी ‘हर्ट’ हाच घरचा शब्द असतो. त्यांना ‘व्यथित’ म्हणायला लावणं हा छळ आहे. तिथे इंग्रजीतच बारकाई करावी. गिल्ट केलेल्या कृत्याबद्दल असतो, शेम स्वतःच्या असण्याबद्दल. पहिल्यात माफी मागून मार्ग निघतो, दुसऱ्यात नाही. एन्व्हीला दोन माणसं पुरतात. जेलसीला तिसरं लागतं, कारण आपलं माणूस हातचं जाईल ही भीती त्यात असते. मैत्रिणीच्या पगारवाढीने ‘जेलस’ झालेल्यांना बहुधा साधा हेवा वाटलेला असतो, आणि तसं म्हटलं की चेहरा सैल होतो.

नवव्या भेटीतली नोंद : “सोमवार, दुपारी ४. माझं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवलं. कानशिलं तापली. ६. राग आला. गिळला नाही. ५ वाजता मॅनेजरना सांगितला.”

“काय म्हणाले?”

“लेखी मेल करा म्हणाले. आता त्यात ‘अपसेट’ लिहू की ‘डिसअपॉइंटेड’?”

त्या भेटीची शेवटची वीस मिनिटं यातच गेली. ‘अपसेट’ लिहिलं तर बोलणं तिच्या मनःस्थितीवर येणार, “शांत व्हा” असं उत्तर मिळणार. ‘डिसअपॉइंटेड’मध्ये एक अपेक्षा होती आणि ती मोडली हे आलं, पण मग कोणती अपेक्षा ते पुढच्याच ओळीत लिहायला हवं. तिने ती ओळ तारखेसकट लिहिली, ‘व्हेरी’ खोडला आणि तिथेच बसून मेल पाठवला.