उपनगरात जा, पण तीन बेडरूमचा फ्लॅट नको

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की शहरातल्या नामांकित एरियात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, हप्ता आणि मेंटेनन्स मिळून दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराचे 46 टक्के जातात, मुलांना खेळायला जागा नाही, लिफ्ट नाही म्हणून सासूबाई महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत, तर हा विकून लांब उपनगरात तीन बेडरूमचा घ्यायचा का. माझं उत्तर जा असंच आहे, पण तीन बेडरूमचा घेऊ नका, आणि हे मी तुमच्याच आकड्यांवरून सांगतेय.

तुम्ही फक्त हप्ता बघताय, 46 वरून 34 टक्के, म्हणजे 12 टक्के वाचले असं वाटतं. पण प्रवास कुठे धरलाय? आत्ता त्यावर पगाराचे 5 टक्के जातात, तिकडे दुसरी गाडी लागणार, तुमच्याच हिशेबाने तो खर्च 13 टक्के होतो. म्हणजे आज एकूण 51 आणि तिकडे 47, वाचले फक्त 4. अमेरिकेतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर परवडतं का हे ठरवताना घर आणि प्रवास एकत्र धरते आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत हवेत म्हणते (ते पूर्ण उत्पन्न धरतात, हातातला पगार नाही, त्यामुळे तंतोतंत ताडू नका, पण एकत्र धरायची सवय लावून घ्या). तिकडेच आत्ताएवढा, लिफ्टवाला दोन बेडरूमचा घेतलात तर हप्ता-मेंटेनन्स 22, प्रवास 13, एकूण 35. वाचतात 16.

आता दलाली, मुद्रांक शुल्क, सामान हलवणं, फर्निचर, शाळेचे प्रवेश असा एकदाच होणारा खर्च तुम्ही साधारण सहा महिन्यांच्या पगाराएवढा लिहिलाय. महिन्याला 4 टक्के वाचत असतील तर तो भरून निघायला साडेबारा वर्षं लागतात, 16 वाचले तर तीन वर्षांपेक्षा थोडं जास्त. हप्त्यातलं मुद्दल म्हणजे बचतच आहे हे मला मान्य आहे, पण तुमच्याकडे आज इमर्जन्सी फंडच नाहीये आणि भिंतीत अडकलेला पैसा दवाखान्यात उपयोगी पडत नाही.

वेळेचंही बघा. एका बाजूला 35 मिनिटांची 75 होणार, तुम्ही महिन्याला 22 दिवस जाता, म्हणजे जवळजवळ 29 तास जास्त, मिस्टर 9 दिवस जातात त्यांचे 12 तास. दोघांचे मिळून 41 तास! अ‍ॅलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या आकडेवारीवर 2008 मध्ये मांडलं होतं की लांबचा प्रवास करणारे लोक एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, म्हणजे स्वस्त घर किंवा जास्त पगार त्याची भरपाई पूर्णपणे करत नाही. म्हणून घर बघताना तिसऱ्या बेडरूमसाठी ठेवलेले पैसे स्टेशनजवळच्या घरात घाला, दुसरी गाडीही कदाचित टळेल.

जुना फ्लॅट मुलांसाठी ठेवून भाड्याने द्यावा असं मिस्टरांचं म्हणणं आहे, ते मला पटत नाही, भाडं त्याच्या हप्त्याच्या एक तृतीयांशही येत नाही आणि वर नवा हप्ता. कायमचा ठेवू नका, फक्त एक वर्ष भाड्याने द्या आणि तेवढं वर्ष तुम्ही उपनगरात भाड्याने राहा. हात आखडता राहील, पण मोठ्या मुलाची शाळेची दोनच वर्षं उरलीत, त्याला तिकडे जमतं का आणि तुम्हाला रोज 75 मिनिटं झेपतात का हे कळेल, कारण घेऊन परत फिरणं फार महागात पडतं. दोन्ही करार एकाच महिन्यात संपतील असे करा.

"खाली आलो असं लोकांना वाटेल" हे तुम्ही लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं. सासूबाई रोज संध्याकाळी खाली बागेत जाऊन बसू शकणार असतील तर त्यात खाली येण्यासारखं काय आहे? विक्रीच्या नफ्यावर टॅक्स किती लागेल ते सीएकडून आधी लेखी घ्या, आणि कर्ज आधी फेडलं तर बँक काही चार्ज लावते का तेही विचारा, मग मला पाठवा, हे 22 टक्क्यांचं गणित त्यावरच टिकून आहे.