मागच्या पवनचक्कीला वारा पुरत नाही का?

प्रश्न: सर, मी रेल्वेनं मिरजेला जातो तेव्हा ढालगावकडं पवनचक्क्या दिसतात. एकामागं एक असल्या की मागची हळू फिरते असं वाटतं. पुढची तिचा वारा खाते का? आणि लांब लांब उभ्या करणं हाच एक उपाय आहे का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: दादा, खातेच. वाऱ्याचा वेग कमी केल्याशिवाय पवनचक्कीला वीज काढताच येत नाही, त्यामुळं पात्यांच्या मागं मंद आणि घुसळलेल्या हवेचा लांबलचक पट्टा पडतो, त्याला वेक म्हणतात. भीमेला पाणी असताना पुलावरून खाली बघा, खांबामागं पाणी सुस्त पडलेलं असतं आणि जरा पुढं गेलं की बाजूचं पाणी आत शिरून परत धार लागते, हवेचं तसंच, फक्त इथं वरूनपण जोरदार हवा खाली येऊन मिसळते. दुपारी रान तापलं की ही मिसळण पटकन होते, रात्री हवा थरात बसली की वेक लांबवर तसाच राहतो. (काही जुन्या मशीन ठराविक गतीनंच फिरतात, त्यामुळं नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही.)

नुकसान किती, तर वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या (वेग गुणिले वेग गुणिले वेग) प्रमाणात बदलते, वेग १० टक्के पडला की ऊर्जा २७ टक्के गेली!

अंतर ठेवतातच, साधारण पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या ५ ते १० पट, म्हणजे १०० मीटरच्या पंख्याला अर्धा ते एक किलोमीटर. पण तेवढी जागा, रस्ते, केबल सगळीकडं कुठून आणणार?

म्हणून आता पुढच्या पवनचक्कीचं तोंड मुद्दाम वाऱ्यापासून थोडं तिरकं करतात. तिची स्वतःची वीज जरा घटते पण वेक बाजूला ढकलला जातो आणि मागचीला ताजा वारा मिळतो, दोघींची बेरीज वाढते. हे आपल्या देशातपण करून बघितलंय, वायव्य भारतातल्या एका पवनक्षेत्रात, २०२२ मध्ये निकाल आले, ६ ते ८ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला ३ टक्क्यांच्या आसपास जास्त वीज आणि सगळे वेग धरून १.२ टक्के. आकडा छोटा दिसतो पण नवीन पवनचक्की न उभारता, बहुतेक सॉफ्टवेअरच्या जोरावर मिळालेली वीज आहे ही, मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

दुसरी पद्धत नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातली, तिला हेलिक्स म्हणतात. प्रत्येक पात्याचा कोन सतत थोडा थोडा बदलत ठेवायचा, त्यानं वेक स्प्रिंगसारखा पिळत जातो आणि बाहेरचा वारा लवकर आत शिरतो. मात्र पाती सारखी वळवल्यानं त्यांच्या मुळाशी असलेलं बेअरिंग जास्त झिजतं, तो खर्च धरावाच लागतो.

आणि पुढची पवनचक्की एका मालकाची, मागची दुसऱ्याची असेल तर पुढच्यानं तोटा का सोसायचा? तिथं मशीन वळवायच्या आधी वाढलेल्या विजेचे पैसे कसे वाटायचे ते लिहून ठरवावं लागेल.