मुलाला आणि त्याच्या ताईला ऑटिझमबद्दल कसं सांगायचं?

तुमचा मुलगा सात वर्षांचा, निदान गेल्याच महिन्यात झालं, आणि आधी त्याला सांगू की मोठ्या मुलीला, असं तुम्ही विचारलंय. आधी त्याला. आमच्याकडे उलटं झालं, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

आम्ही इंदूरचे. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा आणि मुलगी दहाची होती. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सगळं सांगितलं, वर शपथ घातली, "त्याला कळू देऊ नकोस." तो बाहेर झोपाळ्यावर होता. त्याला पलीकडच्या खोलीतल्या पंख्याची कुरकुरही ऐकू येते, हे मी विसरलेच. चार दिवसांनी बुटाचा वेल्क्रो उघड-बंद करत त्याने विचारलं, "आई, मी मरणार आहे का?"

त्या रात्री मी कुकरपासून सुरुवात केली. "शिट्टी झाली की तू कान दाबून गच्चीवर पळतोस ना? आम्हाला ती नुसती शिट्टी, तुला ती टोचते. तुझ्या मेंदूची घडणच तशी आहे, जन्मापासून. म्हणून तुला रेल्वेचं टाइमटेबल पटकन पाठ होतं आणि वर्गातला गोंगाट सोसत नाही. याला ऑटिझम म्हणतात. याने कुणी मरत नाही." त्याने विचारलं, "बाबांना पण आहे?" नाही म्हटलं, तसा तो परत गाड्यांकडे वळला. पुढे महिनाभर आंघोळीच्या वेळी एकेक प्रश्न यायचा.

'स्वमग्नता' हा शब्द मला आवडत नाही. त्यातून वाटतं की पोराला इतरांचं काही पडलेलंच नाही. ऑटिझमच म्हणा, पण शब्द लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. उद्या यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढाल, त्यावर छापून येईल. वाचता येणाऱ्या मुलाला तो शब्द पहिल्यांदा कार्डावर दिसू नये.

मुलीचं मात्र जास्त अवघड गेलं. "मला पण होईल का?" हे तिने लगेच विचारलं. संसर्गाने होत नाही, एवढं सांगून ते मिटलं. खरी गोष्ट दोन आठवड्यांनी, रडत रडत बाहेर आली: लहानपणी तिने त्याला पाळण्यातून पाडलं होतं. इतकी वर्षं पोरीने ते मनात धरलं होतं! तुमची मुलगी काही बोलत नसली, तरी आपणहून सांगा की हे तिच्यामुळे झालेलं नाही. लसीमुळे नाही, आईबाबांच्या वागण्यामुळेही नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

मग तिचा राग. "त्याने माझी वही फाडली तरी तुम्ही त्याला काही बोलत नाही." ती बरोबर होती. आता फाडलेलं पान तो स्वतः चिकटवतो, आणि तिच्या कपाटाला कुलूप आहे. "तू मोठी, समजून घे" हे वाक्य मी बंद केलं.

रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक बघायला ती बाबांबरोबर जाते, तो घरी आजीपाशी थांबतो. आधी आम्ही सगळेच घरी बसायचो. तिला त्या घरी बसण्याचाच राग होता. आणि महिन्यातून एकदा रात्री मी आणि ती, दोघीच सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला जातो. तिथे ती भावाबद्दल बोलली तर बोलते, नाही तर नाही.