वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलची परीक्षा आणि पुढचा ब्रेक

प्रश्न : मोटारसायकलच्या परवान्यासाठी पहिल्यांदा परीक्षा दिली, तेव्हा आठचा आकडा काढताना माझा पाय जमिनीला टेकला आणि मी नापास झालो. सरळ रस्त्यावर मला गाडी नीट चालवता येते. वेग कमी केला की मात्र तोल जातो. पुढचा ब्रेक दाबला तर गाडी उलटते असे घरच्यांनी बजावल्यामुळे मी फक्त मागचाच ब्रेक वापरतो. पुढच्या परीक्षेपूर्वी कशाचा सराव करावा?

उत्तर : सरळ रस्त्यावर ठरावीक वेगात धावणारी मोटारसायकल आपला तोल बऱ्याच अंशी स्वतःच सांभाळते, त्यामुळे गाडी चालवता येते असे आपल्याला वाटू लागते. वेग उतरला की ती मदत संपते आणि तोल राखण्याचे सारे काम चालकाच्या हातापायांवर येते. आठचा आकडा नेमके हेच तपासतो.

यासाठी पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, म्हणजे क्लचचा लिव्हर अर्धवट दाबून, गाडी चालवण्याचा सराव करा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची मूठ) किंचित उघडा आणि स्थिर ठेवा, वेग क्लचने कमीजास्त करा आणि मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब राहू द्या. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा अडसर एकाच वेळी चालू राहिल्याने गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. वळणाच्या मध्यावर घाबरून थ्रॉटल बंद केला की ही ओढ तुटते, गाडी आतल्या बाजूला कलंडते आणि पाय टेकतो. आपल्या बाबतीतही बहुधा हेच घडले असावे. हँडल वळलेले असताना अशा संथ गतीत पुढच्या ब्रेकला हात लावू नये, एवढ्यापुरता घरच्यांचा सल्ला बरोबर आहे.

दुसरी गोष्ट नजरेची. नवशिका चालक पुढच्या चाकाकडे किंवा जमिनीवर आखलेल्या रेषेकडे पाहतो आणि गाडी तिकडेच जाते. वळण सुरू होण्यापूर्वीच मान वळवून, जिथून बाहेर पडायचे आहे तिकडे पाहावे. ही सवय परीक्षेपुरती नाही. रस्त्यातल्या खड्ड्याकडे टक लावून पाहणारा चालक त्याच खड्ड्यात जातो, हे मी शिकवताना इतक्यांदा पाहिले आहे की मोकळ्या मैदानावरचा पहिला तास मी केवळ मान वळवण्यासाठी राखून ठेवतो.

आता पुढच्या ब्रेकविषयी, कारण ही भीती मला परीक्षेतल्या अपयशापेक्षा अधिक गंभीर वाटते. ब्रेक लावताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढे सरकतो. पुढचा टायर रस्त्यावर अधिक घट्ट दाबला जातो आणि मागचा हलका होतो. त्यामुळे गाडी थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्या चाकातच असते, आणि केवळ मागचा ब्रेक जोरात दाबला तर चाक अडकून घसरते व थांबण्याचे अंतर खूप वाढते. संकट येते ते पुढचा ब्रेक एकदम खेचल्यामुळे, कारण भार पुढे पोहोचण्याआधीच पुढचे चाक अडकते. म्हणून गाडी न कलता सरळ धावत असताना दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत आणि पुढच्या लिव्हरवरचा जोर क्षणाक्षणाने वाढवत न्यावा. आधी ताशी २० किलोमीटरला, मग ३० ला, असा रोज सराव करा.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला जिथे साधारण ५ मीटर पुरतात, तिथे ६० ला सुमारे २० मीटर लागतात. शिवाय धोका दिसून हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते.

प्रश्न : माझ्या मुलीला नुकताच परवाना मिळाला आहे. तिने सर्वांत जास्त कशाला जपावे?

उत्तर : चौकांना. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करून १९८१ साली अहवाल दिला. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्यात झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलला तिच्या हक्काची वाट दिली नव्हती, असे त्यात आढळले. बहुतेकदा त्या चालकाला मोटारसायकल दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली होती. म्हणून समोरून येऊन वळू पाहणारी मोटार दिसली की चालकाने आपल्याला पाहिले आहे असे गृहीत धरू नये. वेग उतरवून बोटे ब्रेकवर आणावीत. लेन बदलताना आरशावर विसंबू नये, मान वळवून एकदा मागे पाहावे.

हेल्मेटबाबत तडजोड नकोच. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीनुसार हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. मात्र ते डोक्यावर घट्ट बसायला हवे : पट्टा लावून मागून वर ढकलले तरी निघता कामा नये आणि हलवल्यास गालांची त्वचाही सोबत हलावी. अपघातात एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसले, तरी आतला फोम दबलेला असू शकतो आणि दबलेला फोम पुढचा आघात शोषून घेत नाही. ते लगेच बदलावे.