वीक अ‍ॅसिड आहे, मग बेस तेवढाच कसा लागला?

प्रश्न: सर नमस्कार, मी बारावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकलला ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड १० मिली घेतलं, टायट्रेशनला (अ‍ॅसिड पूर्ण संपेपर्यंत थेंबथेंब बेस घालून मोजणं) ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे बेस, १० मिली लागलं. मग तेवढंच, त्याच मोलॅरिटीचं (म्हणजे दर लिटरमध्ये रेणू तेवढेच) अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घेतलं तर तिथेही १०च! मला वाटलं माझंच चुकलं, परत केलं, परत १०. अ‍ॅसेटिक तर वीक आहे ना, मग कमी नको का लागायला? मैत्रीण म्हणते पाठ कर आणि सोड, पण मला पटत नाहीये.
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: अजिबात सोडू नकोस, तुझं रीडिंग बरोबर आहे आणि शंका तर फारच चांगली आहे. घोळ आहे तो 'वीक' या शब्दाचा. आपण वीक म्हटलं की अ‍ॅसिड कमी आहे असं धरून चालतो, पण तुझ्या दोन्ही फ्लास्कमध्ये अ‍ॅसिडचे रेणू सारखेच होते, फरक एवढाच की पाण्यात पडल्यावर त्यातले किती फुटले आणि हायड्रोजन आयन मोकळा झाला. हायड्रोक्लोरिकचे हजारातले जवळजवळ हजार फुटतात, म्हणून ते स्ट्राँग. ०.१ मोलर अ‍ॅसेटिकचे हजारातले जेमतेम १३ फुटतात, बाकीचे ९८७ हायड्रोजन धरून बसलेले असतात.

आता दोन दुकानदार डोळ्यासमोर आण. दोघांकडे हजार-हजार रुपयेच आहेत, पण एकाने सगळे काउंटरवर मांडून ठेवलेत आणि दुसऱ्याने १३ बाहेर ठेवून बाकी गल्ल्यात. तू बाहेरचे उचललेस की तो गल्ल्यातून आणखी काढतो, उचल, परत काढतो, असं करत करत तू त्याचेही पूर्ण हजार घेऊन जातेस! सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रत्येक थेंब हेच करतो, मोकळा हायड्रोजन आयन संपवला की तोल बिघडतो आणि तो सावरायला आणखी रेणू फुटतात, शेवटचा संपेपर्यंत. ब्युरेट, म्हणजे बेस सोडायची मापनळी, एकूण अ‍ॅसिड मोजतं, या क्षणी मोकळं किती आहे ते सांगतो पीएच, आकडा जितका लहान तितके मोकळे आयन जास्त. म्हणून सुरुवातीला हायड्रोक्लोरिकचा पीएच १ आणि अ‍ॅसेटिकचा २.९, पण रीडिंग दोघांचं १०.

तुम्ही इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारं द्रव्य) म्हणून फिनॉल्फ्थॅलीन वापरलं असणार, अ‍ॅसेटिकला तेच लागतं. शेवटी उरलेलं सोडियम अ‍ॅसिटेट थोडं बेसिक असतं, त्यामुळे एंड पॉइंट (अ‍ॅसिड संपल्याची खूण) पीएच ७ला न येता ८.७च्या आसपास येतो आणि फिनॉल्फ्थॅलीन तिथेच गुलाबी होतं. मिथाइल ऑरेंज टाकलं असतंस तर त्याचा रंग पीएच ४.४ च्या आतच बदलून गेला असता आणि रीडिंग खूपच कमी आलं असतं, मग मात्र 'वीकला कमी लागतं' हा गैरसमज पक्का बसला असता.

वीक आणि डायल्यूट यांचीही गल्लत करू नकोस. डायल्यूट म्हणजे पाणी जास्त, ते आपण ठरवतो, पण वीक हा त्या रेणूचा स्वभाव आहे. ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड जवळजवळ शुद्ध असतं, वीकच, तरी त्वचा भाजतं. आणि हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडसुद्धा पुस्तकात वीकच्याच यादीत आहे पण काच खातं, न फुटलेला रेणू कातडीतून आत शिरतो, आतलं फ्लुओराइड शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि कधीकधी तर वेदना काही तासांनी सुरू होतात, म्हणून त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात आणि लगेच दवाखाना गाठतात. वीक म्हणजे निरुपद्रवी असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, प्लीज.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांना विचारून एक करून बघ. दोन्ही फ्लास्कमध्ये बेस ५ मिली गेला की थांब, ढवळ आणि काचेच्या कांडीने एकेक थेंब पीएच पेपरवर ठेव. दोन्हीकडे अर्धंच अ‍ॅसिड उरलंय, पण हायड्रोक्लोरिकचा पीएच दीडच्या आसपास आणि अ‍ॅसेटिकचा पावणेपाचच्या आसपास दिसेल. आणि जर्नलमध्ये १० लिही, खाडाखोड न करता.