पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी चरित्रं आणि इतिहासाची पुस्तकं कशी निवडावीत?

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या आमच्या शाळेला पुस्तकांसाठी दहा हजार रुपये मिळाले आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी चरित्रं आणि इतिहासाची पुस्तकं घ्यायची आहेत. आधीची कपाटात पडून आहेत, मुलं हात लावत नाहीत. काय घ्यावं?

उत्तर:

आधीची का पडून आहेत ते बघितल्याशिवाय नवी घेऊ नका. बहुतेक ती संचातली असतील. पन्नास थोर माणसं, प्रत्येकाला बत्तीस पानं, लिहिणारा एकच. लहानपणापासून हुशार, गरिबीत शिक्षण, मोठा त्याग, निधन. नाव झाकलं तर टिळक कोणते आणि कर्वे कोणते ते कळत नाही. संचावर सूट चांगली मिळते आणि बिल एकच होतं, म्हणून शाळा संच उचलतात. मी तरी संच घेऊ नका असंच सांगेन. जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात एक अख्खा दिवस काढा आणि सुटी पुस्तकं निवडा.

पुस्तक मधूनच उघडा. पहिली पानं सगळ्यांचीच बरी असतात. त्या एका पानात काही घडतंय की नुसतं कौतुक चाललंय ते बघा. 'तेजस्वी, अलौकिक, देदीप्यमान' असे शब्द ओळीने लागले तर ठेवून द्या. मग संवाद बघा. पाच वर्षांचे शिवराय पानभर बोलत असतील, तर ते बोलणं लेखकाने रचलेलं आहे. तसं पुस्तक घ्यायला हरकत नाही, पण ते गोष्टींच्या कप्प्यात ठेवा, चरित्राच्या नको. शेवटी मागची पानं चाळा. सनावळी, नकाशा आणि ही माहिती कुठून घेतली याच्या चार ओळी, यातलं एकही नसेल तर लेखकाने आधीच्या पुस्तकावरून पुस्तक केलेलं असण्याची शक्यता फार.

खरी पारख मात्र आपल्या भागातल्या माणसांवर होते, कारण तिथे चूक लगेच पकडता येते. १९४२च्या 'चले जाव' चळवळीत मिरवणुकीत मारला गेलेला नंदुरबारचा शिरीषकुमार मेहताच बघा. जन्म २८ डिसेंबर १९२६, गोळीबारात मृत्यू ९ सप्टेंबर १९४२. म्हणजे पंधरा पूर्ण, सोळावं चालू. पुस्तकात 'सोळा वर्षांचा' असेल तर ते चालू वर्ष धरून म्हटलंय, 'सतरा' असेल तर सरळ चूक. ही वजाबाकी सहावीतलं पोरगंही करतं, त्याला करू द्या. दुसरं, त्या दिवशी गोळीबारात तो एकटाच मारला गेला नाही. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही चार नावं पुस्तकात आहेत का? तिसरं, 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनु' ही घोषणा गुजरातीत का, हे सांगितलंय का? घर गुजराती, गाव गुजरातच्या सीमेवरचं. एवढं एक वाक्य नसेल, तर लेखकाला नंदुरबार नकाशावर तरी ठाऊक आहे का अशी शंका येते.

बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्यावरच्या पुस्तकाला जास्त वेळ द्या. त्यांनी आपलं जन्मवर्ष श्लोकात दिलंय, 'रसगुणपूर्णमही'. रस सहा, गुण तीन, पूर्ण शून्य, मही एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, की शके १०३६ येतं, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला, हेही त्याच श्लोकात आहे. म्हणून त्या ग्रंथाचं साल ११५०. हे कोडं मुलांना सोडवायला देणारं पुस्तक दिसलं तर किंमत न बघता घ्या. उलट त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात, म्हणजे वेळ मोजायच्या पाण्यावरच्या भांड्यात, मोती पडला आणि मुहूर्त चुकला, ही लीलावतीची गोष्ट खरा इतिहास म्हणून छापलेली असेल तर सावध राहा. अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यातून ती पुढे आली. भास्कराचार्यांच्या काळातला तिला पुरावा नाही. जन्म चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचाच, असं ठासून लिहिलेलं पुस्तकही जरा बाजूला ठेवा. खान्देशी माणसाला हे बोचेल, पण जन्मगावाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. पाटणला सापडलेला शिलालेख नातू चांगदेवाच्या मठाबद्दल आहे. त्यात घराण्याची वंशावळ आहे, आणि तेवढंही मुलांना दाखवायला पुष्कळ आहे.

जुन्या तारखांत चूक बहुधा एकाच जागी होते. शकाचं इसवी सन करताना सगळीकडे ७८ मिळवले जातात. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. त्यात ७८ मिळवले तर १६२९ येतं आणि ते चुकतं. शक चैत्रात सुरू होतो, फाल्गुन येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवायचे, मग १९ फेब्रुवारी १६३० जुळतं. १६२७ हे जुनं साल अजूनही काही पुस्तकांत सापडतं. त्याच वर्षावर आतली सगळी वयं मोजलेली असतात, म्हणून नुसती पहिल्या पानावरची तारीख खोडून भागत नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या पुस्तकात दोनच गोष्टी तपासा. गाणी त्यांच्या तोंडून ऐकून इतरांनी उतरवून घेतली, हे सांगितलंय का? आणि संग्रह त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये छापला गेला, हे आहे का? साने गुरुजींच्या पुस्तकात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलची सहा वर्षं दोन ओळींत उरकली असतील तर ते आपल्या मुलांसाठी नाही.

राजे आणि नेते यांच्यापलीकडची दोन-तीन पुस्तकं हवीतच. प्रकाशे, बहाळ, सावळदा इथल्या उत्खननांत तापी-गिरणेकाठची ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या माणसांची, वस्ती सापडली. पण मुलांच्या पुस्तकांत हडप्पा संपलं की एकदम मौर्य येतात. प्राचीन महाराष्ट्रावरचं एखादं सचित्र पुस्तक शोधा. दुसरा विषय कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि इकडे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळला आली. हे नीट सांगणारं पुस्तक मिळालं तर सातवी-आठवीला द्या. सातपुड्यातल्या भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक याच्या इंग्रजांविरुद्धच्या १८५७-५८च्या बंडावरचं पुस्तकही शोधा. पावरा-भिल्ल मुलांना वर्गाच्या कपाटात आपलं कोणी क्वचितच सापडतं.

वाचनपातळीसाठी एक मुलगा आणि एक मुलगी दुकानात सोबत न्या. मधलं पान मोठ्याने वाचायला लावा. एका पानात पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक त्या वर्गाचं नाही. घरी अहिराणी बोलणारं पोरगं 'पारतंत्र्याच्या शृंखला' इथेच थांबतं. पाचवीला सोळा पॉइंटचा टाइप आणि अठ्ठेचाळीसपर्यंत पानं, आठवीला तेरा-चौदा पॉइंट आणि दीडशेपर्यंत पानं चालतात. यापेक्षा बारीक टाइपात जोडाक्षरं एकमेकांत शिरतात.

बांधणी पाठीकडून, वरून बघा. पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले तर शिवण आहे. सपाट दिसलं तर नुसता गोंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. पत्र्याच्या खोलीत हा गोंद कडक होतो आणि जूनमध्ये पुस्तक उघडलं की मधली पानं हातात येतात. पातळ पुस्तकांना पिना चालतील, पण त्या गंजतात, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. वाळवीलाही तेवढंच अंतर बरं.

पैशांचं असं करा. साडेसहा हजारांची सुटी पुस्तकं घ्या, त्यातल्या चांगल्या पाच-सहांच्या दोन-दोन प्रती. पाचशेत महाराष्ट्राचा मोठा भिंतीवरचा नकाशा आणि कोरी सनावळीची पट्टी. मुलं वाचलेल्या माणसाचं नाव त्या पट्टीवर लावतील, तेव्हा कोण कोणाच्या काळात होतं ते आपोआप कळतं. पुस्तकं कपाटात उभी न ठेवता मुखपृष्ठ दिसेल अशी दोरीवर किंवा फळीवर लावा, आणि कुलूप काढा. उरलेले तीन हजार दिवाळीच्या सुट्टीनंतर खर्च करा. तोवर कोणत्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेत ते दिसेल, त्याच विषयावरची पुढची घ्या. निधी मार्चआधी संपवायची अट आहे का, ते मात्र आजच मुख्याध्यापकांना विचारून घ्या.